बदली जवानाची, नंबर मात्र तोच : फौजी कुटुंबाने मोबाईल कंपनी कशी निवडावी?



या वेळचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या घरातला नक्की आहे.

झालं असं. सातवीतल्या एका हुशार मुलीने गणिताच्या घटक चाचणीत अर्धा पेपर कोरा ठेवला. मी तिला वर्गातच बोललो. ती काही बोलली नाही, मान खाली घालून बसली. दोन दिवसांनी पालकसभा होती. सभा संपली, सगळे गेले आणि तिची आई मागे थांबली. म्हणाली, "सर, आठ दिवस झाले, पोरीच्या पप्पांचा फोनच लागत नाही. जम्मूकडे बदली झाली म्हणे. निघताना तर तीन महिन्यांचा रिचार्ज मारून दिला होता. पोरगी रात्रभर झोपत नाही. कंपनी बदलून पाहू का?"

दुसऱ्या दिवशी त्या जवानाने सोबत्याच्या फोनवरून घरी फोन केला. सगळं ठीक होतं. फोनही ठीक होता, रिचार्जही शिल्लक होता. अडचण एवढीच की सिम कार्ड प्रीपेड होतं. आपल्या महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. भुसावळहून झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या माणसाचा फोन पठाणकोटपर्यंत चालतो. गाडी कठुआच्या हद्दीत शिरली की बंद. कंपनी कोणतीही असो.

एवढी एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक असती, तर त्या माउलीचे आठ दिवस आणि त्या पोरीचा पेपर वाचला असता. आणि मी बोललो नसतो, तेही वाचलं असतं. म्हणून हा लेख. आपल्या नशिराबाद-भुसावळ पट्ट्यातून, सगळ्या खान्देशातूनच, कितीतरी मुलं सैन्यात, सीमा सुरक्षा दलात, सीआरपीएफमध्ये आहेत. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जाणारीही आहेत. त्यांच्या घरी हा लेख पोहोचवा.

पूर्वीचा पत्ता आठवतो का?

ज्यांच्या घरात जुने फौजी होऊन गेले, त्यांना पाकिटावरचा पत्ता आठवत असेल. जवानाचा नंबर, नाव, युनिट आणि खाली "मार्फत ५६ एपीओ" किंवा "मार्फत ९९ एपीओ". गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. आपण नशिराबादच्या पोस्टात पत्र टाकायचं आणि ते जिथे असेल तिथे त्याला मिळायचं. युनिट राजस्थानातून काश्मिरात गेलं तरी घरच्यांना पत्ता बदलावा लागत नव्हता. पत्र कुठे पाठवायचं ते सैन्याचं टपाल खातं पाहायचं.

आजचा ५६ एपीओ म्हणजे मोबाईल नंबर. बदली कुठेही होवो, घरच्यांना, बँकेला, शाळेला एकच नंबर ठाऊक असला पाहिजे. म्हणून "कोणती कंपनी चांगली?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की हा नंबर दहा-पंधरा वर्षं सलग जिवंत कसा राहील? एकदा हे मनात पक्कं झालं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

परदेशात कसं आहे?

अमेरिकेत पूर्वी बरेच ग्राहक मोबाईल कंपनीशी मुदतीचा करार करत. करार मधेच मोडला तर दंड. म्हणून तिथे सैनिकांसाठी कायद्यातच सोय आहे. ९० दिवस किंवा जास्त काळासाठी जिथे त्या कंपनीची सेवा नाही अशा ठिकाणी बदली झाली, तर सैनिकाला दंड न भरता करार संपवता येतो. आपल्याकडे बहुतेक लोक प्रीपेडवाले, म्हणजे करार नाही आणि दंडही नाही. आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडे नंबर बंद पडतो, ओटीपी येत नाही, रेंज मिळत नाही.

सर्कल म्हणजे काय?

मोबाईल सेवेसाठी देशाचे २२ भाग पाडले आहेत, त्यांना आपण सर्कल म्हणतो. आपण "महाराष्ट्र आणि गोवा" सर्कलमध्ये येतो. मुंबईचं सर्कल वेगळं आहे. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूरला गेलं की मध्य प्रदेश-छत्तीसगडचं सर्कल लागतं. जम्मू-काश्मीर आणि लडाख मिळून एक सर्कल आहे.

पूर्वी सर्कल ओलांडलं की रोमिंग लागायचं. आलेल्या फोनलाही पैसे कटायचे. त्यामुळे घरचे नुसता मिस्ड कॉल द्यायचे आणि जवान बूथवरून फोन करायचा. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये रोमिंगमधले येणारे कॉल मोफत केले. २०१६ मध्ये जिओ आलं आणि पुढच्या वर्षभरात बाकीच्या कंपन्यांनीही देशातलं रोमिंग काढून टाकलं. आता आपला नंबर राजस्थानात, आसामात, केरळात त्याच रिचार्जवर चालतो. म्हणजे बदली झाली म्हणून लगेच तिथलं सिम घेऊन जुना नंबर टाकून द्यायची काही गरज उरलेली नाही. गावाकडचा नंबर तोच ठेवायचा.

अपवाद एकच, वर सांगितलेला : जम्मू-काश्मीर आणि लडाख.

प्रीपेड की पोस्टपेड?

सुरक्षेच्या कारणामुळे बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम त्या सर्कलमध्ये चालू दिलं जात नाही. पोस्टपेड, म्हणजे महिन्याच्या शेवटी बिल येणारं सिम मात्र चालतं.

२०१९ मध्ये या फरकाचा मोठा अनुभव आला. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीर खोऱ्यात मोबाईल सेवा बंद झाली. पोस्टपेड फोन १४ ऑक्टोबरला सुरू झाले. प्रीपेड फोनवरचे कॉल आणि एसएमएस सुरू व्हायला १८ जानेवारी २०२० उजाडलं. मधे तीन महिन्यांचं अंतर. तेव्हा तिथल्या पोस्टपेडवाल्याशी बोलणं होत होतं आणि प्रीपेडवाला वाट पाहत होता.

म्हणून माझं स्पष्ट मत : ज्याची बदली कधीही, कुठेही होऊ शकते, त्याचा मुख्य नंबर पोस्टपेड असावा. महिन्याला थोडे पैसे जास्त जातील. पण नंबर न बदलता प्रीपेडचं पोस्टपेड करता येतं, आणि २०२१ पासून हे ओटीपीवर करायचीही परवानगी आहे. हे काम बदलीचा हुकूम हातात पडल्यावर घाईत करू नका. सुट्टीवर घरी असतानाच उरकून घ्या.

पोस्टपेडमध्ये एक सांभाळायचं. बिल थकलं की फोन बंद होतो आणि थकबाकी असताना कंपनीही बदलता येत नाही. चौकीवर असलेल्या माणसाला बिलाची तारीख कुठून लक्षात राहणार? तेव्हा पगाराच्या खात्यातून बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय करावी, नाहीतर घरातल्या एकाने ती जबाबदारी घ्यावी. आमच्या ओळखीत एका घरी हे काम दहावीतला मुलगा करतो. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी "पप्पांचं बिल" असं लिहून ठेवतो.

मग कंपनी कोणती?

आज आपल्याकडे चारच पर्याय आहेत : जिओ, एअरटेल, व्हीआय आणि सरकारी बीएसएनएल. यातली "सगळ्यात चांगली" कोणती, याला एक उत्तर नाही. टॉवर कुठे आहे त्यावर ते ठरतं.

मुलांना आपण लहरी शिकवतो, तेच इथे लागू होतं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांबवर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींतून डेटा भरपूर जातो, पण त्यांचा पल्ला कमी. आणि मधे डोंगर आला की दरीत लहर पोहोचतच नाही. नशिराबादच्या सपाटीवर हायवेच्या कडेला चारही कंपन्यांची रेंज मिळते. पण पालच्या बाजूला सातपुड्यात सहल नेली की फोनचे दांडे एकेक करून गळतात, हे आपण पाहिलेलं आहे. हिमालयात तेच शंभर पटीने. लेह शहरात झकास चालणारी कंपनी चाळीस किलोमीटरवरच्या चौकीत चालेलच असं नाही.

म्हणून कंपनी ठरवताना या क्रमाने विचार करावा :

१. घरी कोणाची रेंज चांगली? फोनला दोन टोकं असतात. जवानाकडे रेंज आहे आणि आपल्या घरात नाही, तर उपयोग काय? मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात, रात्री वीज गेल्यावरही फोन लागतो का ते पाहा.

२. नव्या ठिकाणी कोणाची रेंज आहे? कंपन्यांच्या वेबसाईटवर रेंजचे नकाशे असतात, ते पाहावेत. पण खरी माहिती त्या युनिटमध्ये आधीपासून असलेल्या जवानाकडेच मिळते. "तिकडे कोणतं सिम चालतं?" एवढंच विचारायचं. जागेची बाकी चौकशी फोनवर करायची नाही.

३. दुर्गम भाग असेल तर बीएसएनएलचा विचार नक्की करा. जिथे अजिबात ४जी नाही अशा २४,६८० गावांत ते पोहोचवण्याची योजना केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. शिवाय जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एकमेकांच्या ग्राहकांना सेवा देण्याची सोय सुरू झाली आहे. अशा टॉवरखाली आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी फोन लागू शकतो.

४. रिचार्जचा दर सगळ्यात शेवटी पाहा. दर वरचेवर बदलतात. पाच-पन्नास रुपयांसाठी रेंज नसलेली कंपनी घेतली तर ते महागच पडतं.

परिस्थितीही बदलते आहे. एकेकाळी सियाचीनसारख्या ठिकाणी उपग्रह फोनशिवाय काही नव्हतं. त्या कॉलचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपया केला गेला, तेव्हा ती मोठी बातमी होती. जानेवारी २०२५ मध्ये सियाचीनवर जिओचा ४जी-५जी टॉवर सैन्याच्या मदतीने उभा राहिला. तेव्हा तीन वर्षांपूर्वी कोणी "तिकडे अमुक कंपनी चालत नाही" म्हणालं असेल, तर आज पुन्हा विचारून घ्यावं.

दोन सिम, दोन वेगळ्या कंपन्या

आता बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. त्याचा उपयोग करा. पहिलं सिम म्हणजे कायमचा नंबर : पोस्टपेड, बँक आणि आधारला जोडलेला, कधीच न बदलणारा. दुसरं सिम म्हणजे बदलीच्या ठिकाणाचं : जिथे जाल तिथली चांगली कंपनी घ्या, बदली झाली की सोडून द्या. या दुसऱ्या नंबरला बँक, गॅस, शाळा काहीही जोडू नका.

दोन्ही सिम एकाच कंपनीची घेऊ नका. त्या कंपनीचा टॉवर बंद पडला तर दोन्ही एकदमच जातात. आपल्याकडे म्हणतात ना, एकाच दोरीवर सगळी भिस्त ठेवू नये.

जुनी सिम आठवणीने बंद करा. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा ६ आहे. दर बदलीला एक सिम घेणाऱ्याचा आकडा लवकर भरतो. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येतं.

कंपनी बदलायचीच असेल तर

नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, म्हणजे पोर्ट करणं, देशभर २० जानेवारी २०११ पासून सुरू झालं. ३ जुलै २०१५ पासून ते दुसऱ्या सर्कलमध्येही करता येतं. पद्धत अशी :

- इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. जम्मू-काश्मीरच्या प्रीपेड ग्राहकाने एसएमएसऐवजी १९०० ला फोन करायचा.
- उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. तो ४ दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भागात ३० दिवस चालतो.
- तो कोड आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं.
- त्याच सर्कलमध्ये साधारण ३ कामकाजाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भागात १५ दिवसांपर्यंत लागू शकतात.

दोन अटी लक्षात ठेवा. आत्ताच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असले पाहिजेत. आणि सिम हरवून नवं घेतलं असेल, तर जुलै २०२४ पासून ७ दिवस पोर्टचा कोड मिळत नाही.

यावरून फौजीसाठी दोन गोष्टी निघतात. पोर्ट करायचंच असेल तर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा. परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी केलं तर सगळं अर्ध्यावर राहील. आणि नवी कंपनी तिकडे चालली नाही तर ९० दिवस अडकून पडाल. म्हणून आधी दुसऱ्या सिमवर ती कंपनी वापरून पाहा, चालली तरच मुख्य नंबर तिकडे न्या.

नंबर मरू देऊ नका

काही ठिकाणी महिनोन्‌महिने फोन वापरता येत नाही. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पण ट्रायचा नियम असा आहे की, खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन नंबर पुढचे ३० दिवस चालू ठेवायचा. तेव्हा प्लॅन संपला तरी मुख्य बॅलन्समध्ये थोडे पैसे असू द्या. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंतचे प्लॅन द्यायला सांगितलं आहे. गावाकडच्या आजी-आजोबांच्या साध्या फोनसाठी तो प्लॅन बरा पडतो. जवानाचा फोन आला आणि आजोबांचाच रिचार्ज संपलेला, असं व्हायला नको.

सिम कोणाच्या नावावर?

ही चूक फार घरांत आहे. मुलगा अठराचा नव्हता, म्हणून सिम वडिलांच्या नावावर घेतलं. पुढे तो भरती झाला आणि सिम तेच राहिलं. आता फोन तिकडे हरवला तर नवं सिम कोण काढणार? कागदपत्रं वडिलांची, वडील नशिराबादला आणि पोरगा सीमेवर. भरतीला निघायच्या आधीच सिम मुलाच्या नावावर करून घ्या.

आणि हेही ठाऊक असू द्या की, हरवलेल्या सिमच्या जागी नवं घेतल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियम आहे. त्या दिवशी बँकेचा ओटीपी येणार नाही. घरी घाबरू नये.

घरच्यांनी पाळायची शिस्त

सैन्याने जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं होतं. त्यामागचं कारण आपणही समजून घ्यावं. "कुठे आहेस, लोकेशन टाक, फोटो पाठव" असा आग्रह धरू नये. बदलीचं ठिकाण स्टेटसला लावू नये. "जेवलास का, बरा आहेस ना," एवढं पुरे असतं.

युनिटचा पत्ता आणि कार्यालयाचा फोन नंबर एका वहीत लिहून देवघराजवळ ठेवा. मोबाईल कितीही दिवस लागला नाही तरी तो मार्ग उघडा असतो. आणि जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथेही विचारता येतं.

आपण शिक्षकांनी काय करावं?

- प्रवेशाच्या वेळी फौजी पालकांचे दोन नंबर घ्या. पहिला नंबर आईचा किंवा घरी राहणाऱ्या माणसाचा.
- "वडिलांना फोन लाव" असं मुलाला सगळ्यांसमोर सांगू नका.
- वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचे वडील कुठे आहेत याची चर्चा होऊ देऊ नका.
- मूल अचानक गप्प झालं, पेपर कोरा आला, तर रागवायच्या आधी बाजूला घेऊन एकदा विचारा. हे मी स्वतःला आधी सांगतो.

वर्गात एक उपक्रमही घेता येईल. शाळेच्या आवारात आठ जागा ठरवा : पटांगण, जिना, वर्गाचा कोपरा, झाडाखाली वगैरे. शिक्षकांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर किती दांडे दिसतात ते मुलांना तक्त्यात लिहू द्या आणि त्याचा स्तंभालेख काढायला लावा. गणितही होतं, विज्ञानही होतं. "जाहिरातीत सांगतात ती रेंज आणि आपल्याला मिळते ती रेंज" यातला फरक मुलांच्या आपोआप लक्षात येतो.

आम्ही हा उपक्रम घेतला, तेव्हा तक्ता त्या मुलीनेच फळ्यावर काढला. तिच्या पप्पांचा नंबर आता पोस्टपेड झाला आहे. नंबर तोच, जुना. रविवारी संध्याकाळी फोन येतो म्हणते. कधी येत नाही. पण नाही आला तर का नाही आला, हे आता तिला ठाऊक आहे. ती झोपते.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या फौजी पालकांपर्यंत जरूर पोहोचवा.